वाचलेले अंक परत जागेवर ठेवू नयेत

"पोरी, तू पसारा मोजणार, म्हणजे तुझ्या मोजणीत पसारा करणारेच येणार. चांगल्या वळणाची माणसं उठताना खुर्चीसुद्धा आत सारतात. त्यांचं काय करणार आहेस?"

नोलीनबाई हे म्हणाल्या तेव्हा टॅमसिनच्या हातात सूचनेचे चौदा कागद होते, दातांत चिकटपट्टीचा तुकडा होता आणि डोक्यात दोन दिवसांच्या कार्यशाळेत मिळालेलं ताजं ज्ञान होतं. तोंडात चिकटपट्टी असताना माणसाने खरं तर गुमान ऐकून घ्यावं. परमेश्वराने तशी सोयच केलेली असते. पण टॅमसिनने ती पट्टी काढली आणि म्हणाली, "नोलीन, ही जगभर मान्य झालेली पद्धत आहे."

"असेल गं. पण जग काही आपल्याकडे वाचायला येत नाही," नोलीनबाई म्हणाल्या. त्या केल्सोब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलावर एकतीस वर्षं बसल्या होत्या आणि दुसऱ्याच दिवशी साठलेली सगळी रजा घेऊन, मोटारीला कॅरव्हॅन आणि कॅरव्हॅनला नवरा जोडून, उत्तरेला ऊन खायला निघाल्या होत्या. टास्मानियातल्या हिवाळ्यात ज्याला शक्य आहे तो हेच करतो. जाताना दारातून वळून म्हणाल्या, "खिडकीकडेही बघत जा हं मधूनमधून."

खिडकीची चौकट गळत होती, हे टॅमसिनला माहीत होतं. तिने त्याच दुपारी दुरुस्ती विभागाकडे अर्ज केला आणि स्वतःवर खूश झाली. ही खुशी आठवली की आजही तिचे कान लाल होतात.

मुळात टॅमसिन पास्को ही निष्काळजी बाई नव्हे. उलट काळजी करण्यात तिचा हात धरणारं कोणी त्या गावात नसेल. तिची विनी चौदा महिन्यांची. विनी झोपली की टॅमसिन तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायची. मग ते बोट गार होतं म्हणून खरं कळलं नसेल अशा शंकेने दुसरं धरायची. आणि त्या बोटामुळे विनी जागी झाली की "बघ, जिवंत आहे" असं नवऱ्याला सांगायची. लॅकलन, म्हणजे नवरा, वायरमन होता. तो म्हणायचा, "टॅम, दिवा लागतोय का हे बघायला दर पाच मिनिटांनी बटण दाबलं तर बटणच खराब होतं." टॅमसिनला हे बोलणं फार बेजबाबदार वाटायचं.

आठ महिन्यांची बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर परतली, तेव्हा तिचं खातं दुसऱ्या खात्यात विलीन झालं होतं, तिची खुर्ची तिसऱ्याच खात्यात गेली होती आणि डर्मट क्विगली नावाचे नवे ग्रंथपाल आले होते. त्यांच्या खोलीत पुस्तक एकही नव्हतं, पांढरे फळे मात्र तीन होते. ते म्हणाले, "आपला डॉलर घसरलाय, नियतकालिकांची बिलं अमेरिकन डॉलरमध्ये येतात. दर शंभरातली बारा नियतकालिकं कमी करायची आहेत. कोणती, ते तू ठरव. भावना बाजूला ठेव. आकड्यांना बोलू दे."

आकडे बोलतात हे खरंच आहे. ते कोणाच्या वतीने बोलतात एवढं विचारायचं टॅमसिनच्या डोक्यात आलं नाही.

तरी तिने आधी माणसांना विचारून पाहिलं. सर्व प्राध्यापकांना नम्र पत्र पाठवलं: आपल्या विषयातलं कोणतं नियतकालिक बंद केलं तर चालेल? दोन दिवसांत एकशे सहा उत्तरं आली. एकशे सहा जणांचं एकमत असलेला त्या विद्यापीठाच्या इतिहासातला तो पहिला आणि शेवटचा प्रसंग: एकही बंद करता येणार नाही. पदार्थविज्ञानवाल्यांनी इतिहासाची नऊ नियतकालिकं सुचवली. इतिहासवाल्यांनी पदार्थविज्ञानाची एकोणीस सुचवली, वर तळटिपा दिल्या. एका वयस्कर भाषातज्ज्ञांनी लिहिलं, की अमुक त्रैमासिकाला हात लावाल तर मी राजीनामा देईन. त्याशिवाय माझा एक दिवस जात नाही. टॅमसिनने शोधलं तर ते त्रैमासिक अकरा वर्षांपूर्वीच बंद पडलेलं. तिने हे त्यांना कळवलं नाही. आपल्यामुळे कोणाचा राजीनामा नको.

मग तिने एका मोठ्या प्रकाशकाला फोन केला. तिकडच्या बाईंचा आवाज फार गोड होता. "तुमचा एकत्रित करार आहे ना, त्यातली तीन कमी केलीत तर उरलेल्या नव्वदांचा दर बदलेल."

"म्हणजे कमी होईल?"

"नाही हो, वाढेल."

"म्हणजे कमी घेतलं तर जास्त द्यायचं?"

"बरोबर ओळखलंत!" बाईंना खरंच कौतुक वाटलं होतं. थाळीतली कोशिंबीर नको म्हटलं तर थाळी महाग, असा तो हिशेब होता. टॅमसिन घाबरून म्हणाली, "राहू दे, कोशिंबीर राहू दे." म्हणजे आता कात्री लागणार ती थाळीबाहेरच्या गरिबांना. सुटी येणारी, छोट्या छोट्या मंडळांनी काढलेली, कागदावर छापलेली नियतकालिकं.

शेजारच्या ग्लेनिसआजींनीही कुंपणावरून सल्ला दिला. त्यांच्या परसात सफरचंदाची सहा झाडं होती आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नाला त्या त्या सहा झाडांतून उत्तर काढायच्या. "सोपं आहे गं. दोन वर्षं ज्या फांदीला फळ नाही, ती छाट. रडू नकोस, मागे बघू नकोस."

"पण फळ आलंय की नाही हे कळायचं कसं?"

"अगं, खाली पडलेली मोजायची!"

झालं. कार्यशाळेत सांगितलेलं आणि ग्लेनिसआजींनी सांगितलेलं तंतोतंत जुळलं. संगणकावरची नियतकालिकं किती वेळा उघडली गेली ते संगणक मोजतोच. कागदी अंकांसाठी मात्र जुनी पद्धत असते: वाचनकक्षात सूचना लावायच्या, की 'वाचलेले अंक परत जागेवर ठेवू नयेत, टेबलावरच राहू द्यावेत'. संध्याकाळी कर्मचाऱ्याने फिरायचं, टेबलावरचे अंक मोजायचे, वहीत खुणा करायच्या आणि मग ते फळीवर लावायचे. दीड महिना असं केलं की कोण वाचलं जातं आणि कोण नुसतं धूळ खातं ते स्पष्ट होतं.

टॅमसिनने दीड महिना एक दिवस न चुकता मोजलं. मोटारींचा एक अंक रोज टेबलावर असायचा, कारण विद्यार्थी त्यावर डबा ठेवून जेवायचे. मेंढ्यांच्या जंतांवरचा एक जाडजूड अंक तेवीस वेळा सापडला. तो खिडकीच्या फटीत खुपसायला बरोब्बर मापाचा होता. प्रत्येक खूण 'वाचन' म्हणून वहीत गेली. शास्त्र म्हटलं की तिथे भेदभाव नसतो.

त्या गळक्या खिडकीशी रोज एक म्हातारे गृहस्थ बसायचे. तपकिरी लोकरीची टोपी, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. सकाळी दहाच्या बसने यायचे, साडेबाराला उठायचे. टॅमसिनच्या टेबलावरून त्यांची फक्त पाठ आणि टोपी दिसायची. ते इतके स्थिर बसायचे, की एकदा टॅमसिनला भलतीच शंका आली. ती कपाट पुसायच्या मिषाने जवळ गेली आणि त्यांचा श्वास चालू आहे का ते कान देऊन ऐकत राहिली. त्यांनी मान वर करून विचारलं, "मी तुमच्या वाटेत बसलोय का?"

"नाही, नाही! बसा, बसा."

"त्रास होत असेल तर सांगा हं. मी दुसरीकडे सरकेन."

श्वास चालू होता. टॅमसिन निर्धास्त परत आली. त्यांच्या समोर उघडं काय होतं ते काही तिने पाहिलं नाही.

दीड महिन्याने निकाल लागला. वहीत एका नावापुढे एकही खूण नव्हती. 'दक्षिणेकडील शेवाळे', त्रैमासिक, पाठपोट छपाई, मध्ये दोन टाचण्या. वर्षाचे शहाऐंशी डॉलर. उलट संगणकाच्या यादीत एक तारा झळकत होता: 'चिखलाच्या प्रवाहीपणाचा आंतरराष्ट्रीय अभ्यास', वर्षाचे सहा हजार चारशे डॉलर, आणि मार्चपासून तो उघडला गेला होता तब्बल चारशे अकरा वेळा! क्विगलीसाहेबांनी दोन्ही आकडे फळ्यावर लिहिले आणि मागे सरून, चित्राकडे बघावं तसे बघत राहिले. "आकडे कसे बोलतात बघ!" 'चिखल' तीन वर्षांच्या कराराने कायम झाला. 'शेवाळ' बंद. त्याबद्दल कोणाची तक्रार आली नाही, म्हणजे निर्णय अचूकच होता.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, आणि ती टॅमसिनला फार लागते.

मार्च महिन्यात क्विगलीसाहेब विद्यापीठाच्या बड्या पाहुण्यांना ग्रंथालय दाखवत होते. ते सहज म्हणून 'चिखल' उघडायला गेले आणि पडद्यावर 'पान सापडत नाही' असं आलं. पाहुणे हसले. साहेब टॅमसिनकडे बघून नुसतं "हं" म्हणाले. त्या एका "हं"ने टॅमसिनची तीन रात्रींची झोप गेली. त्या दिवसापासून ती सकाळी आल्याबरोबर 'चिखल' उघडून बघायची. पहिलाच लेख, 'थंड हवेत चिखल उपसण्याच्या समस्या'. उघडला? उघडला. मिटला. जेवणानंतर पुन्हा एकदा. निघताना पुन्हा. घरी विनीला भरवताना एका हाताने फोनवर पुन्हा. लॅकलन विचारायचा, "काय बघतेस?" ती म्हणायची, "चिखल." तो बिचारा पुढे काही विचारायचा नाही.

पण माणूस स्वतःची बटणं कधी मोजतो का? चारशे अकराचा आकडा फळ्यावर चढला तेव्हा टॅमसिनने मनापासून टाळ्या वाजवल्या होत्या. आपल्या गावात चिखलाचे इतके अभ्यासक आहेत याचा तिला अभिमान वाटला होता.

अभियांत्रिकीचे प्राध्यापक कानाकारिस यांना तर भरून आलं. "मी स्वतः ते कधी उघडलेलं नाही, मी काँक्रीटवाला," ते सभेत म्हणाले. "पण माझ्या विभागात कोणीतरी गाजावाजा न करता चिखलावर एवढं काम करतोय! आणि आम्ही त्याला साधी खोलीसुद्धा दिलेली नाही!" त्यांनी संगणक विभागाला गाठलं. तिथल्यांनी सांगितलं, की नाव सांगता येणार नाही, ते खासगी असतं. पण चारशे अकरा वेळा उघडणारी व्यक्ती एकच आहे, आणि ती एकच लेख पुन्हा पुन्हा वाचते.

"एकच लेख!" कानाकारिस भारावले. "असं वाचन आता राहिलंय कुठे!" त्यांनी एक पत्र लिहिलं आणि ते त्या व्यक्तीला पोचवायची विनंती केली.

ते पत्र टॅमसिनच्या संगणकावर आलं.

'प्रिय अज्ञात सहकारी, आपल्या एकाग्रतेने मी नतमस्तक झालो आहे. आपण विभागात येऊन थंड हवेतल्या चिखलावर तासभर बोलावं, अशी आग्रहाची विनंती. नंतर चहा आणि स्कोन असतील.'

टॅमसिनने ते एकदा वाचलं. खुर्चीत मागे टेकली. मग कॅल्क्युलेटर काढून तिने मार्चपासूनचे दिवस आणि दिवसाच्या वेळा यांचा हिशेब मांडला. उत्तर चारशे नऊ आलं. उरलेले दोन म्हणजे विनी आजारी होती तो रविवार असावा.

कोणी बघत नाही ना हे बघून तिने ते पत्र पुसून टाकलं. मग ते खरंच पुसलं गेलं का हे तीनदा तपासलं.

तिने असं ठरवलं, की तीन वर्षं गप्प राहायचं. कोणाचं काय बिघडतंय? चिखल आहे आणि शेवाळ नाही. शेवाळ कोण वाचत होतं? हा विचार तिने दहा दिवस जपून ठेवला. अकराव्या दिवशी, दहाच्या बसनंतर, तपकिरी टोपी खिडकीकडे न जाता थेट टेबलाशी आली.

"माफ करा, तुमचं काम चाललंय," म्हातारे म्हणाले. "ते शेवाळांचं त्रैमासिक... नवा अंक यायला उशीर झालाय का? फळीवर त्याची चिठ्ठीही दिसत नाही."

अशा वेळी काय म्हणायचं ते कार्यशाळेत शिकवलं होतं. टॅमसिन म्हणाली, "वापराच्या आकडेवारीनुसार ते चालू ठेवणं शक्य झालं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे... ते कोणी वाचत नव्हतं."

म्हाताऱ्यांनी टोपी नीट केली. "असं होय. खरंय. मी एकटाच असणार. एकासाठी कशाला एवढा खटाटोप." मग घाईघाईने, जणू टॅमसिनलाच वाईट वाटू नये म्हणून, म्हणाले, "माझं वाचनही फार हळू हो. दिवसाला दीड पान. तो शब्दकोश लागतो, आणि मग इथून जाताना भिंतीवर ते सापडतं का बघायचं. एक अंक तीन महिने पुरतो. संपला की नवा आलेला असतो. बरं जमलं होतं. सतरा वर्षं."

"पण," टॅमसिन म्हणाली, "पण टेबलावर तो अंक कधी सापडला नाही..."

"छे! सापडेल कसा?" म्हातारे जरा दुखावलेच. "मी रोज जाग्यावर ठेवून जायचो. ती तुमची सूचना वाचली मी. पण म्हटलं, ही मुलगी दिवसभर राबते, घरी लहान मूल असणार, खांद्यावर दुधाचा डाग असतो. आपण अजून तिच्या कामात भर घालायची? मी टेबलसुद्धा पुसायचो."

टॅमसिनने खांद्याकडे पाहिलं. डाग होता.

"तुम्हाला त्रास दिला," म्हातारे म्हणाले. "क्षमा करा हं." आणि ते बाहेर गेले. जाताना, टेबलापाशी पुढे आलेली कोणाची तरी खुर्ची त्यांनी आत सारली.

दुसऱ्या दिवशी दहाची बस आली. टोपी आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. त्या आठवड्यात नाही. टॅमसिन विनीच्या नाकाखाली बोट धरायची आणि तिला खिडकीतली रिकामी खुर्ची दिसायची.

शुक्रवारच्या सकाळच्या चहाला सगळे खाली जमले होते. ज्याने त्याने काहीतरी करून आणलेलं. कानाकारिस स्कोनवर जॅम लावत म्हणत होते, "अजून उत्तर नाही. विनयशील माणूस दिसतो." टॅमसिनच्या तोंडात तेव्हा निम्मा स्कोन होता. तोंड भरलेलं असताना बोलू नये हे तिला माहीत होतं. पण गिळेपर्यंत धीर निघून गेला असता.

"मी," ती म्हणाली. तुकडे उडाले. "ते चारशे अकरा वेळा. मीच."



"तू चिखलाचा अभ्यास करतेस?" कानाकारिस आशेने म्हणाले.

"नाही. संगणकावरचा दुवा चालतोय का ते बघत होते. उघडून बंद करत होते."

"चारशे अकरा वेळा?"

"मला काळजी वाटते," टॅमसिन म्हणाली. हे वाक्य घरी खूप खपायचं; तिथे ते फार पोकळ वाजलं. मग तिने शेवाळाचंही सांगितलं. क्विगलीसाहेब फक्त "हं" म्हणाले. आणि कानाकारिस, कोणी हसायच्या आत, हळूच म्हणाले, "पण तो लेख होता कसा? एवढ्यांदा उघडलास तर एखादी ओळ तरी..." टॅमसिनला पहिली ओळ पाठ होती. तिने म्हणून दाखवली. त्यावर मात्र सगळं दालन हसलं, आणि टॅमसिनला वाटलं, खाली जमीन असते ती अशा वेळी मऊ का होत नाही. चिखल म्हणजे काय ते तिला त्या दिवशी नीट समजलं.

शेवाळ परत सुरू करायचं तर एक अर्ज होता. त्यातला चौथा रकाना: 'गेल्या तीन महिन्यांतील वापराचा पुरावा जोडा.'

"पण साहेब, अंकच नाही तर वापर कसा होणार?"

"म्हणूनच तर पुरावा मागतात," क्विगली म्हणाले. यात काहीतरी चुकतंय असं त्यांनाही वाटलं असावं, कारण ते बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या जुलैपर्यंत काही करता येणार नाही."

तेव्हा टॅमसिनने आपल्या पगारातून शहाऐंशी डॉलर थेट शेवाळ मंडळाला पाठवले. चिटणीस होत्या एडवीना नावाच्या एक्याऐंशी वर्षांच्या बाई. त्यांनी पैसे परत पाठवले. 'आमचे एकतीस वर्गणीदार होते, तुम्ही गेल्यापासून तीस. आम्ही दोन बैठका घेऊन शोक केला. तुमच्याकडे एक खराखुरा वाचक आहे, असं लिहिता. आम्हाला तर त्याची कल्पनाच नव्हती! अंक फुकट पाठवते. त्यांचं नाव कळवा, वर हाताने लिहीन.'

नाव.

टॅमसिनला विनीने किती वाजता किती चमचे खाल्ले ते सांगता आलं असतं. मेंढ्यांच्या जंतांचा अंक किती वेळा हलला ते सांगता आलं असतं. सतरा वर्षं त्या खिडकीत बसलेल्या माणसाचं नाव तिला माहीत नव्हतं. वाचनकक्षात बसायला ओळखपत्र लागत नाही. तेवढ्यात उत्तरेहून तांबूस होऊन नोलीनबाई परतल्या. त्यांनी सगळं ऐकलं. 'मी म्हटलं नव्हतं का' असं त्या म्हणाल्या नाहीत, हे सर्वांत वाईट. "मलाही नाव ठाऊक नाही गं," त्या म्हणाल्या. "नमस्कार-चमत्कार एवढंच. नाव विचारलं तर माणूस संकोचाने यायचा थांबेल असं वाटायचं." मग त्यांनी टॅमसिनपुढे चहा ठेवला आणि खिडकीतली खुर्ची उगाचच पुसली.

दहाच्या बसचा चालक म्हणाला, "टोपीवाले? जुन्या गिरणीच्या थांब्यावर चढायचे. तीन आठवडे झाले, नाहीत. मीही मिनिटभर थांबून बघतो."

टॅमसिन विनीला ढकलगाडीत घालून गिरणीच्या वस्तीत गेली. आधी ग्लेनिसआजींच्या सल्ल्याने खाटकाच्या काचेवर चिठ्ठी लावली: 'तपकिरी लोकरीची टोपी घालणारे वयस्क गृहस्थ कृपया संपर्क साधा.' आता, त्या वस्तीतल्या चर्चच्या जत्रेत बायकांनी मागच्या हिवाळ्यात तपकिरी टोप्या विणून विकल्या होत्या, त्याही एक घेतली तर दुसरी निम्म्या किमतीत. अकरा म्हाताऱ्यांनी संपर्क साधला. टॅमसिन अकराही घरी गेली. एकाने तिला चहा दिला आणि शस्त्रक्रियेचा व्रण दाखवला. एकाकडे तिने टीव्हीचा रिमोट दुरुस्त केला. एकाने, बायको वारल्यानंतर घरात पहिल्यांदाच लहान मूल आलंय असं सांगून, विनीला गुडघ्यावर बसवलं आणि दीड तास खाली ठेवलंच नाही. "तुम्ही शेवाळ वाचता का?" असं तिने प्रत्येकाला विचारलं. "नाही," नववे गृहस्थ म्हणाले, "पण तू पुन्हा येणार असशील तर सुरू करतो."

ती त्यांच्याकडे पुन्हा जाते. पण ते हे नव्हेत.

गिरणीच्या मागच्या दगडी भिंतीवर शेवाळ आहे. हिरवं, पिवळट, एक जवळजवळ काळं. टॅमसिन तिथे वाकून बघत होती तेव्हा तिला दिसलं, की भिंतीलगत गवत एका जागी बसलेलं आहे, कोणीतरी वर्षानुवर्षं उभं राहिल्यासारखं. पण गवत उठायला लागलं होतं.

आता टॅमसिनचं मागणं आहे, आणि ते तुमच्याकडेच आहे. केल्सोब्रिजला कधी आलात, किंवा नाहीच आलात, तरी तुमच्या गावात भिंतीशी भिंग धरून वाकलेले, उठताना खुर्ची आत सारणारे, सारखी क्षमा मागणारे कोणी म्हातारे गृहस्थ दिसले, तर जरा जवळ जाऊन बघा. बरे आहेत का, जेवतात का, विचारा. नावही विचारा, संकोच करू नका, तो फार महाग पडतो. आणि तेच निघाले तर सांगा, की शेवाळाचा नवा अंक आलाय, वर नावासाठी जागा कोरी ठेवली आहे. खिडकी दुरुस्त झाली आहे. आणि टॅमसिनने हात जोडून सांगितलंय: वाचून झाल्यावर, कृपा करून, अंक परत जागेवर ठेवू नका. टेबलावर तसाच उघडा टाकून जा.